हरिसिंगच्या पायाखालचा चौरंग

चौरंग म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे पूजा येते, केळीचे खांब येतात. मित्रांनो, माझ्यावर देव कधी बसला नाही. मी माणूस उभा करायचा जुना चौरंग आहे. मालेगावच्या सुताराने मला बाभळीच्या फळ्यांतून घडवलं, हातभर उंच आणि दोन माणसं ऐसपैस बसतील एवढा रुंद. "एवढा मोठा देव कोन्ता हो सर तुमचा?" असं त्याने जगदेव सरांना विचारलंही होतं.

रिसोडच्या बाजारात सोयाबीनच्या एका गोदामावर सरांचा चित्रकलेचा वर्ग आहे. सुरुवातीची वर्षं माझ्यावर माठ, वांगी, फुटकी किटली असली मंडळी बसायची. मला त्यांचा कंटाळा यायचा. सरांनाही येत असावा, कारण एक दिवस त्यांनी वैजयंतीचा कागद उचलून धरला. वैजयंती बावीस वर्षांची, वर्गातला सगळ्यात चांगला हात. तिने बाजारातला हमाल काढला होता. शर्टाच्या चुण्या हुबेहूब उतरल्या होत्या.

सर म्हणाले, "शर्ट झकास हाय. पन आत कोनीच नाही ना पोरी."

ती रुसली, दोन दिवस फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी आली आणि म्हणाली, "मंग दाखवा आत काय असते ते."

म्हणून हरिसिंग आले. मानोऱ्याकडच्या तांड्यावरचे, साठीचे. जन्मभर ऊसतोडीला गेले आणि गुडघे कामातून गेल्यावर आमच्या खालच्या गोदामात पोती शिवायला लागले. अंगावर काही न ठेवता उभं राहायचं, असं सरांनी सांगितलं तेव्हा ते माझ्याकडे पाहत म्हणाले,

"कायले पन? नागड्या म्हाताऱ्यात काय पाहासारखं असते?"

"चाळीस वर्सं मोळ्या वाह्यल्या तुमी. ते सारं पाठीत उतरलं हाय. या पोरायले ते दिसलं पायजे."

"तांड्यावर कळलं त? निताचं लगन जुळून राह्यलं." निता ही त्यांची धाकटी लेक.

सरांनी शब्द दिला. दार आतून बंद, मोबाइल बाहेर, आणि हरिसिंगचं नाव कुणाच्या तोंडी येणार नाही.

पहिल्या दिवशी ते माझ्यावर चढले तेव्हा मला त्यांच्या मनातली सगळी लाज तळव्यांतून कळली. पण पोरं हसली नाहीत. पेन्सिली चालू झाल्या. वैजयंतीला दिसलं, उजवा खांदा उतरला आहे, त्याखाली कंबर उजवीकडे सरकली आहे आणि सारा भार उजव्या टाचेवर आला आहे. एका खांद्यावरचं ओझं टाचेपर्यंत जातं, हे किटली काढून तिला कधी कळलं असतं? त्या दुपारी तिच्या कागदावर पहिल्यांदा खरा माणूस उभा राहिला. मला तिचा फार अभिमान वाटला.

एकच चित्र सहा दिवस चालणार होतं. विसावा घेऊन हरिसिंग पुन्हा नेमक्या जागी उभे राहावेत म्हणून सरांनी त्यांच्या पावलांभोवती खडूने रेघ मारली. सरळ उभी रेष नजरेसमोर असावी म्हणून आढ्याला दोरीने एक दगड टांगला. आणि तिथेच घात झाला. झाडायला येणाऱ्या गोजराबाईने एका सकाळी हे पाहिलं: चौरंग, त्यावर उघडी पांढरी पावलं, वर लोंबता दगड. रोज दोन तास बंद दाराआड तांड्यावरचा माणूस असतो, हे तिला ठाऊकच होतं. ती न झाडताच खाली गेली. खाली गोदामाचे मालक उकंडराव यांचा नातू आठवडाभर तापाने फणफणत होता.

चौथ्या दिवशी खालचा तोलकाटा थांबला. हमालांचे आवाज थांबले. एक जीप येऊन उभी राहिली आणि मग जिन्यावर पावलं, पुष्कळ पावलं, न बोलता वर येऊ लागली. हरिसिंगनी घाईने कपडे चढवले.

"दार खोला! कोनावर करनी करून राह्यले रे?" उकंडरावांचा आवाज होता. दारावर काठी बसली.

सर दाराला पाठ लावून उभे राहिले. वैजयंतीने चित्रं छातीशी धरली. ती दाखवली तर हरिसिंगची अब्रू जाणार, न दाखवली तर करणी करणारा म्हणून जीव जाणार. "शब्द देल्ला आपन त्याह्यले," ती रडत म्हणाली.

हरिसिंगनी सरांना बाजूला केलं आणि स्वतः कडी काढली.

"करनी नाही बाप्पा. मी इथं नागडा उभा राह्यतो. हे लेकरं माहं चित्र काढतेत. दाखव वं पोरी."

तिने दाखवलं. मग कुणीतरी फिसकन हसलं, आणि बघता बघता सगळा जिना हसू लागला. मारायला आलेली माणसं पोट धरून खाली गेली. मित्रांनो, मी लाकूड आहे, कुऱ्हाडीला भितो. पण त्या हसण्याला जास्त भ्यालो. हरिसिंगना कुणी बोटही लावलं नाही. ते भिंत धरून एकेक पायरी उतरले.

ते हसणं त्यांच्याआधी तांड्यावर पोचलं. निताच्या सोयरिकीवाल्यांनी "विचार करून सांगतो" असा निरोप धाडला. नातवाचा ताप उतरला, तरी उकंडरावांनी खोली महिनाअखेर रिकामी करायला सांगितली आणि मला चुलीत घालायला.

काल दुपारी पुन्हा जिना वाजला. खाली हमाल शीळ घालत होते. दारात हरिसिंग होते.

वैजयंतीने त्यांचे पाय धरले. "काका, मी फाडून टाकते ते चित्र."

"फाडू नको. चार दिवस झाले, दोन राह्यले. लोक हासले तो अर्धाच मानूस हाय. पुरा कर."

"अन् निताचं?"

त्यांनी सदऱ्याची गुंडी काढली आणि माझ्यावर चढले.

आज सहावा दिवस. संध्याकाळपर्यंत चित्र पुरं होईल. मग माझं काय व्हायचं ते होवो, बाभळीला विस्तव नवा नाही. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या कागद-पेन्सिल घेऊन बसाल, आणि कुणी स्वतःची लाज बाजूला ठेवून तुम्हाला शिकवायला समोर उभं राहील. त्याला नीट पाहा, खरं काढा. आणि त्याच्यावर वेळ आली तर त्याच्या सोबत चाला. त्या दिवशी हरिसिंग जिना उतरत होते, तेव्हा वर्गात सर धरून सहा जण होते. एकही त्यांच्यासोबत उतरला नाही.