दोन बोटांचा दाब

माझ्या नणंदेला मी ऑपरेशन थिएटरातून सर्वांदेखत काढले, त्याला बावीस वर्षे झाली. त्या दिवशी मला तिळमात्र शंका नव्हती. काल सकाळी दहापर्यंतही नव्हती.

मी भूलतज्ज्ञ. छत्तीस वर्षे मी लोकांचे हात बधिर केले, ते दोन बोटे आणि एक सुई यांच्या बळावर. काखेत नाडी दाबून धरायची, तिच्या कडेने सुई घालायची, रुग्णाच्या हातात झिणझिण्या आल्या की पिचकारी मागे ओढून रक्त येत नाही याची खात्री करायची, आणि औषध सोडायचे. "बाईंची बोटं नव्हेत, पक्कड आहे," असे आमचे सर्जन म्हणत. मला ते ऐकायला आवडे.

बावीस वर्षांपूर्वी एका सुताराला मी अशीच भूल दिली. रक्त आले नाही. औषध सोडले, बोटे उचलली, आणि क्षणात त्याला झटके आले. हृदय थांबले. सर्जनांनी आणि मी मिळून ते पुन्हा चालू केले, सुतार वाचला. पण दोष कोणाचा? सुई रक्तवाहिनीत नव्हती, तेव्हा औषधच दुप्पट ताकदीचे भरले गेले असणार. पिचकारी भरली होती माझ्या नणंदेने. ती तेथे परिचारिका होती. लेबल वाचा म्हणून तिने रिकामी बाटली माझ्यापुढे धरली. मी तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "वन्सं, बाहेर व्हा," एवढेच म्हणाले, आणि नोंदवहीत लिहिले: औषध भरण्यात परिचारिकेची चूक. तिची नोकरी गेली. आमच्या घरातले तिचे येणेजाणेही गेले.

परवा पायरीवरून घसरून माझे उजवे मनगट मोडले. फुप्फुसे अधू असल्यामुळे पूर्ण भूल नको, हातच बधिर करावा असे ठरले. शस्त्रक्रिया त्याच सर्जनांकडे, आणि भूल देणार माझी सून. ती सोनोग्राफीचे यंत्र ढकलत आली, तेव्हा मला राहवले नाही.

"हे डबडं कशाला? नाचता येईना त्याला अंगण वाकडं, आणि सुई धरता येईना त्याला मशीन!"

"बोटं मलाही आहेत, आई. पण बोटांना डोळे नसतात," ती हसून म्हणाली. मग आवाज उतरवून, "बाहेर आत्याबाई आल्यात. सकाळपासून बसल्यात."

"कशाला? पिचकारी भरायला?"

सुनेने माझ्या काखेत थंडगार जेल लावले, यंत्राचे टोक त्यावर टेकवले आणि पडदा माझ्याकडे वळवला.

मान्य करते, मी थक्क झाले. छत्तीस वर्षे ज्या अंधारात मी चाचपडले, तेथे कोणी दिवा लावला होता. मध्ये धडधडणारे काळे वर्तुळ म्हणजे धमनी. भोवती मधाच्या पोळ्यासारख्या ठिपक्याठिपक्यांच्या नसा, म्हणजे हाताचे मज्जातंतू. आणि शेजारी आणखी दोन काळे, मऊ आकार.

"ह्या शिरा," सून म्हणाली.

"काहीतरीच. तिथे शिरा लागत नाहीत. मला कधी लागल्या नाहीत."

"लागल्या असतील, आई. दिसल्या नसतील."

"दाब जरा. असं पोरीबाळींसारखं टेकवतेस काय? मी दाबायचे तसं दाब."

तिने दाबले. दोन्ही काळे आकार चपटे झाले आणि नाहीसे झाले. जणू तेथे कधी काही नव्हतेच.

"कुठे गेल्या?"

"तिथेच आहेत. दाबानं मिटल्या. आता सुई शिरेत असली तरी ओढून रक्त येणार नाही. आणि दाब काढला की..." तिने हात सैल केला. शिरा तोंड उघडावे तशा उघडल्या. "औषध थेट रक्तात. म्हणून जोरात दाबायचं नाही. पहिल्याच दिवशी शिकवतात हे आम्हाला."

"पुन्हा दाब."

तिने पुन्हा दाबले, पुन्हा सोडले. मी चार वेळा करायला लावले. बोटे उचलली आणि क्षणात झटके आले. हे माझेच शब्द, तेव्हा मीच सर्वांना सांगितलेले. बावीस वर्षे ते माझ्याजवळ होते, आणि मी ते एकदाही ऐकले नव्हते.

सुनेने पाहून पाहून, नसांभोवती थोडे थोडे औषध सोडले. हात बधिर व्हायला वीस मिनिटे लागणार होती.

"आत्याबाईंना आत आण," मी म्हणाले.

"इथे? आई, नियम..."

"कपडे बदलून आण. त्यांना नियम तुझ्याआधीपासून माहीत आहेत."

वन्सं आल्या. टोपीबाहेर एकही केस नव्हता. दाराशीच थांबल्या. सर्जन हात धुऊन उभे होते. मी मोठ्याने सांगितले, सुताराची पिचकारी वन्संनी बरोबर भरली होती. शीर माझ्या बोटांनी मिटली, सुई तिच्यात होती, आणि मला ते कळले नाही.

सर्जन खाली पाहू लागले.

"वन्सं, ऐकलंत ना?"

"ऐकलं." वन्सं पुढे आल्या. "वहिनी, यांना इन्सुलिन सुरू झालं, तेव्हापासून मी ते शेजारणीकडून टोचून घेतलं. नऊ वर्षं. हे जाईपर्यंत. मी कधी पिचकारी भरली नाही."

"का?"

"मला वाटायचं, मी खरंच चुकले होते. आधी बाटली डोळ्यांसमोर दिसायची. मग वाटायला लागलं, मी नीट वाचलीच नसेल. तुम्ही एवढ्या खात्रीनं बोललात, वहिनी."

मला वाटले होते, वन्संनी माझा राग धरला आहे. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता.

"बोलण्यानं भागणार नाही," वन्सं म्हणाल्या. "तुम्ही वहीत लिहिलं होतंत."

मी कागद मागितला. उजवा हात लाकडासारखा पडलेला. वन्संनी कागदाखाली फळी धरली, मी डाव्या हाताने गिरवले. अक्षरे बालवाडीतली. 'परिचारिकेची चूक नव्हती. बहुधा माझ्या दाबामुळे शीर मिटून औषध रक्तात गेले.'

वन्संनी चष्मा सावरून वाचले.

"बहुधा?"

सर्जन खाकरले. "बाई, आता हात बधिर झाला असेल. सुरू करू या?"

"थांबा," मी म्हणाले, आणि तो शब्द खोडला.