दोऱ्या कोण कापतं?

शिंपीणबाईंनी विंडचाइम दादाच्या दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर ठेवलं आणि त्याच्या मनात पाल चुकचुकली. पाच नळ्यांपैकी दोन सुट्या झाल्या होत्या. दोनच महिन्यांपूर्वी त्याने हे नव्या दोरीत ओवून दिलं होतं, आणि दादाची गाठ सुटत नाही हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. त्याने दोरीचं टोक डोळ्याशी नेलं. वाऱ्यावर झिजलेली दोरी टोकाला पिंजते. ही मात्र साफ होती, ब्लेडने कापावी तशी.

"तुमच्याकडे माझा धाकटा भाऊ आला होता का?"

"शर्ट न्यायला आले होते की. का हो?"

"काही नाही," दादा म्हणाला, आणि त्याच्या डोक्यात सगळं फिट्ट बसलं.

वर्षापूर्वी दोघे भाऊ वेगळे झाले होते. दुकानाच्या पाटीवर आपलंही नाव असावं असं धाकटा म्हणाला. "भोक मी पाडतो, सूर मी जुळवतो, गाठ मी मारतो, मग तुझं नाव कशापायी?" असं दादा म्हणाला. धाकट्याने उलट शब्द काढला नाही. पलीकडच्या रस्त्यावर त्याने स्वतःचं छोटं दुकान टाकलं. आई दादाकडेच राहिली, आणि धाकटा दर रविवारी तिला भेटायला यायचा.

शिंपीणबाईंच्या आधी दातांच्या डॉक्टरांचं विंडचाइम असंच परत आलं होतं. आणि धाकट्याने दाढ कुठे काढली होती? तिथेच! मग गाण्याच्या मास्तरांचं आलं, आणि धाकटा लहानपणी त्यांच्याकडेच बेसूर ओरडायला जायचा. आता गावात दातांचा डॉक्टरच एक म्हटल्यावर सगळ्यांच्या दाढा तिथेच निघणार, पण हे दादाला सांगणार कोण? संशयाचं भूत मानगुटीवर बसलं की माणूस साप साप म्हणून भुई धोपटत सुटतो.

त्या दिवशी घरी जाऊन त्याने आईला सांगितलं, "तुझा लाडका माझ्या दोऱ्या कापत हिंडतोय. मला गिऱ्हाइकांत तोंड दाखवायला जागा ठेवणार नाही तो."

"छे! तो असं करायचा नाही," आई म्हणाली.

दादाने तिन्ही दोऱ्या तिच्या तळहातावर ठेवल्या. आईने टोकांवरून बोट फिरवलं. रविवारी धाकटा आला तेव्हा तिने त्याला दारातच सांगितलं, "आता येत जाऊ नकोस."

त्याला सहा आठवडे झाले आणि शाळेच्या बाईंचं विंडचाइम आलं. पुन्हा तीच तऱ्हा. दादाने ते बगलेत मारलं आणि तो तडक धाकट्याच्या दुकानात घुसला.

"हे बघ. आता तरी कबूल कर!"

धाकट्याने एकेक नळी उचलून पाहिली. "दोरी कुठे तुटलीय ते पाहिलंस?"

"तुटली नाही. कापलीय."

"बरं, कापलीय. पण दर वेळी भोकातच? चोरून कापणारा हाताला येईल तिथे कापेल, दादा. एवढ्याशा भोकात ब्लेड घालत बसेल का?" त्याने नळी दादाच्या हातात दिली. "भोकाच्या कडेवरून बोट फिरव."

दादाने फिरवलं आणि झटकन हात मागे घेतला. बोटावर रक्ताचा थेंब आला होता.

"जुनं भोक फाटलं म्हणून तू नवं पाडतोस. त्याच्या कडेला धार राहते. ती गोल कानशीने घासावी लागते, नाहीतर वाऱ्यावर हलून हलून दोरी तिच्यावरच कापली जाते. तुझ्याकडे आता कोण घासतं?"

कोणीच नाही. वीस वर्षं दादा भोक पाडून नळी उजवीकडे ठेवायचा. उजवीकडे धाकटा बसायचा. नळी परत हातात यायची ती ओवायला तयार होऊन. मधे तिचं काय होतं हे दादाने कधी मान वळवून पाहिलं नव्हतं. पुसून देत असेल, असं तो धरून चालला होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मला सांगायचं होतंस."

"तू विचारलंस कधी? तू सरळ आईला सांगितलंस." धाकट्याने बाकीच्या नळ्या त्याच्याकडे सरकवल्या. "पाटीचं जाऊ दे. पण तिने मला दारातून परत पाठवलं."

दादा घरी आला तेव्हा आई खिडकीशी बसली होती. "कबूल झाला का?" तिने विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. उद्या दुकानात एक कानस आणली असती की झालं, कुणाला पत्ताही लागला नसता. धाकटा तर भांडायलाही आला नसता. एवढं सगळं मनात येऊन गेलं, आणि दादाला स्वतःचीच शिसारी आली.

"त्याने काहीच केलं नाही, आई. चूक माझ्या हातची होती."

आई ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने खिडकी लावून घेतली.

"तू भाऊ आहेस, तुझं एक सोड," ती म्हणाली. "मी आई ना त्याची? मी कसं खरं मानलं?"

ती उठली, चपला घातल्या आणि दाराकडे निघाली. "चल. त्याचं दुकान दाखव मला."

जिन्यावर दादाने हात पुढे केला. आईने कठडा धरला.