बंदुकीची झिजलेली बाजू

पुतळ्याचं नाक आत्याला पटलं नाही. "एवढं नाक मला असतं ना, तर नवऱ्याने लग्न मोडायला दोन वर्षंही घेतली नसती," ती म्हणाली. शिल्पकार इतका हसला, की त्याच्या हातातला मातीचा गोळा सटकून त्याच्याच चपलेवर पडला.

शिल्पकाराची कार्यशाळा म्हणजे एक जुनं गोदाम होतं. वर पत्रा, खाली ओल्या मातीचे डाग, भिंतीला टेकलेले अर्धवट हात आणि डोकी. मधोमध तो मातीचा पुतळा होता. लढाईच्या काळातली माझी आत्या पालथी झोपलेली, रायफल उजव्या खांद्याला आणि बोट चापावर. दुसऱ्या दिवशी साचा घ्यायचा होता. साचा घेतला की बदल नाही, म्हणून शेवटचं बघून जायला त्याने आम्हाला बोलावलं होतं.

पुतळा बसणार होता शाळेच्या आवारात. तिथे मी मुलांना शिकवते, आणि शाळेच्या दारावर माझ्या वडिलांचं नाव आहे. कल्पना माझीच. नगरपालिकेच्या कचेरीत चपला झिजवल्या त्याही मीच.

आत्याला सगळे 'घार' म्हणत. नदीपलीकडून कुणी डोकं वर काढलं की घार त्याला टिपते, अशी तिची ख्याती. आमच्या बाजूला तिला हार घातले गेले. पलीकडे तिचं नाव सांगून पोरांना झोपवत असत. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच होती, तिच्या मांडीवर कुणी आपलं मूल दिलं नाही. माझी आईसुद्धा मला तिच्याकडे राहायला पाठवायची नाही. मीही कधी हट्ट धरला नाही. मला तिच्या हातांची भीती वाटायची.

माझे बाबा आघाडीवर तिच्या सोबत होते. स्नायपर एकटा नसतो. एकजण गोळी झाडतो आणि दुसरा शेजारी पडून दुर्बिणीतून बघतो, अंतर सांगतो, वारा सांगतो. बाबा बघणारे होते. त्यांनी आयुष्यात एकही गोळी झाडली नाही, हे आमच्या घरात अभिमानाने सांगितलं जायचं. लढाई संपल्यावर ते मास्तर झाले आणि मरेपर्यंत मास्तरच राहिले. मुलं त्यांना 'रेघवाले सर' म्हणायची, कारण पट्टी न घेता फळ्यावर सरळ रेघ ओढायची त्यांची एक युक्ती होती. डाव्या हातात खडू धरून ते हळू आवाजात सांगायचे, "श्वास घ्या. अर्धा सोडा. उरलेला तसाच राहू द्या. आता हात चालवा." हा शिल्पकारही त्यांचाच विद्यार्थी. आपलं सगळं काम त्या एका रेघेतून निघालं, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे. मीही माझ्या वर्गाला रेघ तशीच शिकवते.

नाकाचं बोलून झाल्यावर शिल्पकाराने एक शंका काढली. पुतळा हुबेहूब व्हावा म्हणून त्याने संग्रहालयातून आत्याची खरी रायफल मागून आणली होती. तिचा लाकडी दस्ता त्याने उजेडात धरला. वर्षानुवर्षं गाल टेकून त्याचं पॉलिश एका बाजूने पार उडालं होतं. त्याचं म्हणणं असं, की उजव्या खांद्याला रायफल लावली तर गाल दस्त्याच्या डाव्या बाजूला टेकतो. ही तर उजवीकडे झिजली आहे. वर्तमानपत्रातल्या जुन्या फोटोत तर आत्याबाईंनी ती उजव्या खांद्याला धरलेली दिसते. मग हे कसं?

त्याने जमिनीवर चटई पसरली, पोत्यावर रायफल टेकवली आणि आत्याला लाडीगोडी लावून एकदा झोपून दाखवायला सांगितलं. गुडघ्यांवरून बरीच कुरकुर झाली. मी तिला धरून खाली उतरवलं.

आत्या पालथी झोपली, पण रायफलच्या मागे नाही. रायफलच्या उजव्या अंगाला, जराशी मागे. कोपरं रोवली, दोन्ही मुठी डोळ्यांपुढे दुर्बिणीसारख्या धरल्या, आणि तिचे ओठ हलायला लागले. "वारा उजवीकडून. हलका. थांब, थांब जरा." रायफलच्या मागची चटई रिकामी होती.

शिल्पकार हसत म्हणाला, "आत्याबाई, तुमची जागा ती. ही सरांची."

आत्याने मुठी खाली घेतल्या. त्या रिकाम्या जागेकडे ती बघत राहिली. मग तिने त्याला चहा सांगून यायला पाठवलं, आणि तो दाराबाहेर गेल्यावर मला म्हणाली, "तिथून मी कधी गोळी झाडली नाही गं."

मला वाटलं, वयामुळे तिचा घोळ होतोय. मी तिला समजवायला लागले, वर्गात एखाद्या गोंधळलेल्या मुलाला समजवावं तसं. तिने मला बोलू दिलं. मग पडल्या पडल्याच सांगितलं. डोळे थकतात म्हणून जोडीने आळीपाळीने झाडायचं असतं. पहिली पाळी तिची होती, कारण ती मोठी. रायफलवरच्या दुर्बिणीत तिला समोरचा माणूस दिसला. तो बुटातला खडा काढत होता आणि कुणाशी तरी बोलत हसत होता. तिचं बोट वाकेना. बाबांनी तिला कोपराने बाजूला सरकवलं. त्यानंतर तिची पाळी कधी आलीच नाही.

"बाबांनी?" मी विचारलं.

"त्यानेच. डाव्या खांद्याला लावायचा. माझ्या कानापाशी त्याचा श्वास ऐकू यायचा. एक आत. अर्धा बाहेर. मग काहीच नाही. मग आवाज."

गोदामात पत्रा तापून करकरत होता, तेवढाच आवाज. तो अर्धा श्वास मी रोज शिकवते. त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच हळू आवाजात.

नाव तिच्याकडे कसं गेलं तेही तिने सांगितलं. एकदा बाबा पाणी आणायला खाली उतरले होते आणि ती रायफल पुसत बसली होती. तेवढ्यात वर्तमानपत्राचा फोटोवाला आला. पोरगी आणि बंदूक, त्याला आणखी काय हवं होतं? त्याने रायफल तिच्या खांद्याला लावायला लावली. फोटो छापून आला आणि वरच्या साहेबांना तो फार आवडला. भावाबहिणीने खरं सांगायचं ठरवलं होतं, पण लढाई संपली तेव्हा बाबा तिच्याजवळ येऊन बसले. ताई, मला शाळेत शिकवायचंय, म्हणाले. पोरं माझ्याजवळ येतील का? आत्याने सांगितलं, घार मीच. तू जा.

"मग हा पुतळा कशाला होऊ दिलास?" मी विचारलं.

"तू म्हणालीस नुसता चेहरा आहे. चेहरा माझाच आहे की. हे बोट आजच पाहिलं." तिने हात पुढे केला, मी तिला उठवून बसवलं. "खोटं बोट मी चालवून घेईन, इतकी वर्षं घेतलंच. पण त्याच्या शाळेत नको, तिथे मला लाज वाटेल. आणि खरं सांगायचं तर दारावरच्या नावाचं काय होईल ते तू बघ. तू त्याची मुलगी. मी ठरवणार नाही."

शिल्पकार चहा घेऊन आला. साचा उद्या दुपारपर्यंत थांबव, एवढंच मी त्याला म्हणाले.

सकाळी वर्गात गेले. मुलं आधीच पाट्या घेऊन बसली होती, रेघेचा दिवस होता. मी काही सांगितलंच नाही, पण त्यांना पाठ होतं. सगळ्यांनी मिळून श्वास घेतला. सगळ्यांनी अर्धा सोडला. आणि वर्ग गप्प झाला, एकदम, पूर्ण. मी बाकाची कड घट्ट धरली. त्या शांततेनंतर काय यायचं ते मला आता माहीत होतं.

आल्या त्या फक्त रेघा. सरळ, पांढऱ्या. पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "बाई, हे तुम्हाला कुणी शिकवलं?" रोज मी अभिमानाने सांगते. आज मी खिडकीकडे वळले.

रस्त्यापलीकडे आत्या उभी होती, दुकानाच्या सावलीत, पिशवी पोटाशी धरून. मी काय ठरवलं ते ऐकायला आली होती, पण फाटकाच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. बाबांच्या निरोपसमारंभालाही ती तिथेच उभी होती. आम्ही हार घालत होतो, टाळ्या वाजवत होतो, आणि मला वाटलं होतं, आत्या शिष्ट आहे. पोरांजवळ घार नको म्हणून ती तिथे थांबायची, हे मला त्या क्षणी कळलं, आणि काल बाबांचं ऐकून बसला नव्हता एवढा धक्का मला बसला. बाबांना तर हे माहीत होतं. रोज, इतकी वर्षं, फळ्यासमोर उभं राहून माहीत होतं.

मधल्या सुट्टीत मी रस्ता ओलांडला, तिचा हात धरला आणि दोघी कार्यशाळेत गेलो. शिल्पकार साच्याची तयारी करत होता. मी त्याला म्हटलं, मागचा माणूस बदलायचाय. आत्या शेजारी, दुर्बीण घेऊन. रायफलच्या मागे सर.

त्याच्या हातात माती कापायची तार ताणलेली होती. तो आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिला. मग त्याची नजर दस्त्याच्या झिजलेल्या बाजूवर गेली, तिथून स्वतःच्या हातांकडे. त्याने श्वास घेतला, अर्धा सोडला, आणि आपण काय करतोय हे लक्षात येताच दचकून तार खाली टाकली.

मग त्याने ती उचलली आणि विचारलं, "बोट डाव्या हाताचं ना?"

"डाव्या," मी म्हणाले. "खडूचा हात."

आत्या स्टुलावर बसली. त्याने पुतळ्यावर पाणी शिंपडलं आणि तिचं मातीचं बोट चापावरून अलगद काढून घेतलं.