समुद्राचा एकच बुधला

बुधल्यातलं पाणी मोरीत ओतून टाका, असं शेषराव सरांनी सांगितलं तेव्हा मी बुधल्यासमोर आडवी उभी राहिले. ते आमच्या प्राणिशास्त्राचे प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखालची लेक्चरर. पण माझ्या रागाची ख्याती अमरावतीच्या त्या कॉलेजात सगळ्यांनाच ठाऊक होती. सर एक पाऊल मागे सरले.

बासष्ट सालची गोष्ट. तो काचेचा बुधला मालवणहून मुंबईपर्यंत बोटीने, बडनेऱ्यापर्यंत रेल्वेने आणि पुढे टांग्यात माझ्या पायांशी बसून आला होता. सोबत आलेलं बाकीचं पाणी टाकीत भरलं होतं. टाकीत पोवळ्याच्या खडकाचा एक तुकडा होता आणि त्यावर एक समुद्रफूल. नाव फूल असलं तरी तो जिवंत प्राणी. पाकळ्या दिसतात ती त्याची बोटं. दुसऱ्या दिवशी विज्ञान प्रदर्शन होतं आणि पार नांदगाव खंडेश्वरापासूनच्या शाळांची मुलं समुद्र बघायला येणार होती. आणि ते फूल गेले काही दिवस मिटून, सुकल्या वांग्यासारखं खडकाला चिकटून बसलं होतं.

टाकीत शेवाळ माजलं होतं. शेतात सुपरफॉस्फेट टाकल्यावर पीक उठतं तसंच पाण्यात फॉस्फेट वाढलं की शेवाळ उठतं. टाकीतलं पाणी बदलणं हा एकच उपाय होता आणि बदलायला समुद्र होता तेवढा, एक बुधलाभर. आता सर म्हणत होते की बुधल्यातही फॉस्फेट आहे.

"मुंबईची पेटी खोटी बोलते काय?" सरांनी मेजाकडे बोट दाखवलं. पाण्यातलं फॉस्फेट तपासायची ती नवी पेटी. मखमलीच्या खाचांत बसवलेल्या चकचकीत काचनळ्या, छापील कागद. पाण्यात दोन औषधं टाकायची, निळं झालं तर फॉस्फेट. टाकीचं पाणी निळं झालं होतं, बुधल्याचंही तितकंच.

पेटीच्या शेजारी देवमनच्या बाटल्या होत्या. देवमन आमच्या रसायनशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर. त्याने तीच औषधं स्वतः बनवली होती, बाटल्यांवर हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या. त्याच्या नळीत बुधल्याचं पाणी मात्र स्वच्छ राहिलं.

"देवमनचं औषध मेलं असन," सर म्हणाले. "मेलेलं औषध काय निळं करणार? आन् मी मिठाचं पाणी करून ठेवतो. ते भरा."

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. पण मिठाच्या पाण्यात फूल तासाभरात मेलं असतं. मला भयंकर राग आला. तरी सरांच्या शंकेत दम होता, हे मला मान्य करावं लागलं. औषध खरंच मेलेलं असलं आणि मी बुधला टाकीत ओतला, तर फूल माझ्या हातून गेलं असतं.

"देवमनभाऊ," मी म्हणाले, "ज्यात फॉस्फेट असणारच असं काहीतरी आणा. आणि ज्यात नसणारच असंही."

तो धावतच गेला. सुपरफॉस्फेटची चिमूट आणि डिस्टिल्ड पाण्याची बाटली घेऊन आला. त्याने चिमूटभर खत पाण्यात कालवलं, त्याचा एक थेंब आपल्या नळीत सोडला, औषधं टाकली. आम्ही तिघं बघत राहिलो. आधी काहीच झालं नाही. सरांनी घसा खाकरला. मग तळापासून निळं चढू लागलं, गडद होत गेलं.

"जित्तं हाय," देवमन हळूच म्हणाला.

मग त्याने डिस्टिल्ड पाणी तपासलं. त्याच्या नळीत ते स्वच्छ राहिलं. मुंबईच्या नळीत तेच पाणी निळं झालं.

 मला आनंद झाला नाही, कारण आता दुसरीच भीती वाटायला लागली: मग हे फॉस्फेट येतंय कुठून? देवमनच्या दुसऱ्या नळीत मी डिस्टिल्ड पाणी घेतलं आणि त्यात मुंबईचं औषध टाकलं. स्वच्छ! म्हणजे औषधं दोन्हीकडची चांगली होती. खोट त्या चकचकीत नळ्यांत होती.

"पार्बताबाई!" मी हाक मारली.

पार्बताबाई आमची प्रयोगशाळा झाडायची, भांडी घासायची. ती मोरीजवळून आली. हातात पाणी भरायची बादली, तीही लखलखीत.

"या नळ्या कोणी धुतल्या?"

"मीच ना बाई," ती खुशीत म्हणाली. "काडीले चिंधी गुंडाळली आन् चुलीतली राख घेऊन आतून घासल्या. सायेबच म्हने, उद्या पाहुने येऊन राहिले, समदं चकचकीत पायजे."

देवमनने कपाळाला हात लावला. राखेतही फॉस्फेट असतं. एवढ्याशा नळीच्या तळाशी दोन कण राहिले तरी पाणी निळं होतं.

मी टाकीकडे वळले. "आणि टाकीची काच?"

"ते तं कवाचीच घासून राहिली. शेवाळ निघतच नोतं ना. आत हात घालून, राखेनंच. फूल कसं सोच्छ दिसाले पायजे." तिने बादली पुढे केली. "हे बी आताच घासली. कोनतं पानी ओतू?"

"ठेव ते खाली!" सर ओरडले.

बादली तिच्या हातून सुटली आणि फरशीवर घणघणत गेली. "काहून? काय झालं?" ती सगळ्यांच्या तोंडाकडे बघू लागली. देवमनने तिला हलक्या आवाजात सांगितलं.  दोन्ही हात तिने पदरात गुंडाळले आणि दाराशी जाऊन बसली.

"तिला का ओरडता?" मी सरांवर कडाडले. "चकचकीत कोणाला हवं होतं?"

 सरांनी कोट काढला आणि बाह्या वर केल्या. बुधला आम्ही तिघांनी मिळून मेजावर चढवला. टाकीतलं पाणी रबरी नळीने काढलं, खडक बुडेल एवढंच ठेवलं. मग बुधल्यातून नळीनेच नवं सोडलं, मध्ये भांडं म्हणून नाही. बुधला रिकामा झाला. आता चुकलो असतो तर पुन्हा समुद्र नव्हता.

आम्ही वाट बघत राहिलो. बाहेर घंटा झाली, वर्ग सुटले, उन्हं कलली. माझा जीव टांगणीला लागला होता. मग त्या सुकल्या वांग्याच्या टोकातून एक बोट बाहेर आलं, केसाएवढं. मग दुसरं. देवमनने माझं मनगट आवळून धरलं होतं, हे मला नंतर कळलं.

"जित्तं हाय?" दारातून आवाज आला.

"आहे, पार्बताबाई. या, बघा ना."

"नाई बाई. मले अठूनच दिसते."

तिथून तिला काहीच दिसत नव्हतं. मध्ये मेज होतं. ज्या फुलासाठी ती रोज राख चाळून आणत होती, त्याच्याजवळ यायची आता तिला भीती वाटत होती. मला रडूच आलं.

शेषराव सर उठले. तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि अवघडून म्हणाले, "चाल माय. चूक माही होती."

ती आली, पण हात पदरातच. मी तिचा एक हात सोडवला. तळव्याच्या रेघांत राख अजून होती. मी तो बाहेरून काचेवर टेकवला.

"लागन ना त्याले," ती म्हणाली.

"बाहेरून नाही लागत."

ती तशीच उभी राहिली. आत फूल एकेक बोट उघडत होतं.