ग्नोची आहे का?

दादाला जीभ आवरता येत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण आजारी बापासमोर तरी आवरेल, अशी वेडी आशा मी धरली होती.

बाबांना झटका आला आणि उजव्या हाताबरोबर वाचाही गेली. हात हळूहळू परत आला, वाचा काही येईना. पाणी हवं असलं तरी पेल्याकडे नुसते बघत बसायचे. मग एका सकाळी मी त्यांना तोंड पुसायला नॅपकिन दिला. त्यांनी तो घडी करून डाव्या हातावर टाकला आणि एकदम म्हणाले, "ब्रुशेटा. लसाग्ना. ग्नोची. एक्स्प्रेसो."

माझ्या हातातली कपबशी पडायचीच राहिली. बाबा जन्मभर एका इटालियन हॉटेलात वेटर होते. त्या हॉटेलात इटलीचं असं भिंतीवरचं एक चित्र तेवढं होतं, पण मेनू बाबांना तोंडपाठ.

स्पीच थेरपिस्टबाई खूश झाल्या. म्हणाल्या, "पाठ असलेलं आधी परत येतं, चांगलं लक्षण आहे. म्हणू द्या, अजिबात टोकू नका. पण हे खरं बोलणं नव्हे. तुम्ही काही विचाराल आणि ते स्वतःच्या मनाने उत्तर देतील, ते खरं. आणि ते लवकर व्हायला हवं. एकदा गप्प राहायची सवय लागली की फार अवघड जातं."

टोकू नका. आता आमचा दादा म्हणजे टोकण्याचाच पगार घेणारा माणूस. परदेशी पाहुण्यांशी इंग्रजीत कसं बोलायचं, हे तो हॉटेलांतल्या पोरांना शिकवतो, आणि इटालियन पदार्थांचे उच्चार ही त्याची खासियत. स्वतः इटलीला कधी गेलेला नाही, पण ते असो.

रविवारी तो आला. त्याला बघून बाबांनी हौसेने सुरू केलं, "ब्रुशेटा."

"ब्रुस्केटा, बाबा."

मी डोळे वटारले. पालथ्या घड्यावर पाणी.

"ग्नोची," बाबा म्हणाले.

"न्योकी. त्यातला ग म्हणायचा नसतो."

"दादा, पुरे."

"अगं, नव्याने शिकतायतच, तर बरोबर शिकू देत ना. इंग्रजीतसुद्धा हल्ली सगळे असंच म्हणतात."

शिकतायत म्हणे. जसे काही बाबा उद्यापासून त्याच्या वर्गात बसणार होते. बाबांनी एकदा "न्…" असं करून पाहिलं. जीभ अडकली. त्यांनी हातावरचा नॅपकिन काढला, टेबलावर ठेवला आणि तोंड मिटलं ते मिटलंच. दुसऱ्या दिवशीही नाही, पुढचा आठवडाभरही नाही. मी नॅपकिन हातावर टाकायचे, ते काढून ठेवायचे.

फोनवर मी दादाला जे काही बोलले ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

"माझा हेतू चांगला होता गं," तो म्हणाला.

"तुझा हेतू ठेव तुझ्यापाशी. माणूस मुका होतोय इथे." माझा आवाज फुटला, त्याचाही मला राग आला. "उद्या जेवायला ये. गिऱ्हाईक म्हणून ये. आणि तुझी विद्या घरी ठेवून ये."

आला. निमूट टेबलाशी बसला. मी बाबांना धरून त्याच्यासमोर उभं केलं आणि नॅपकिन हातावर टाकला. या वेळी त्यांनी तो काढला नाही. पाठ मात्र ताठ झाली.

दादाने घसा खाकरला. "ग्…" म्हणाला आणि थांबला. कडू औषध गिळावं तसा चेहरा केला. "ग्नोची आहे का?"

बाबा गप्प.

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच 'पुन्हा' अशी खूण केली. त्याने पुन्हा विचारलं, "ग्नोची मिळेल का?"

बाबा जरासे वाकले, गिऱ्हाइकापुढे वाकायचे तसे.

"ग्नोची," ते म्हणाले. मला वाटलं, झालं, आता पुढे एक्स्प्रेसो. पण यादी पुढे सरकली नाही. त्यांची जीभ आतल्या आत काहीतरी चाचपडत होती. कपाळावर घाम आला होता.

"ग्नोची… संपली."

संपली हा शब्द कुठल्याच मेनूत नसतो.

आणि दादा रडायला लागला. एवढा मोठा बाप्या, ओंजळीत तोंड लपवून हुंदके देत. बाबा त्याला बघून वैतागले. पन्नास टेबलं खोळंबली असताना एखाद्याने अडून बसावं, तसे वैतागले. हातावरचा नॅपकिन काढून त्यांनी त्याच्यासमोर धरला.

"दुसरं सांगा," ते म्हणाले.