दोन्ही उजवे

शाळेत आपण शिकलो, त्यात युरोपातलं ते पहिलं महायुद्ध चार वर्षांत आटोपलं. या गोष्टीत ते आटोपत नाही. तहाचे कागद मांडले गेले, लेखण्या शाईत बुडाल्या, आणि ऐन वेळी कुणाची तरी मान ताठ झाली. मग काय! युद्ध सातव्या वर्षात शिरलं, आणि ठाण मांडून बसलेल्या पाहुण्यासारखं हलायचं नाव घेईना.

सातव्या वर्षी माणसं परत येत होती, पण पुरती येत नव्हती. चामडं तर सगळंच आघाडीवर जाई. म्हणून गावात नियम निघाला, की एक पाय गेलेल्याला अख्खा जोड मिळणार नाही. डावा गेलेला एक आणि उजवा गेलेला एक, दोघांचं माप जुळलं, तर दोघांत मिळून एक जोड. दोघांना दुकानात शेजारी बसवून माप घ्यायचं, मगच चामडं सुटायचं. असे दोघे जुळवणं म्हणजे सोयरीक जुळवण्याइतकंच किचकट काम, म्हणून लोक त्यांना ‘व्याही’ म्हणत.

बाजाराच्या कोपऱ्यावरचं जोड्यांचं दुकान आता थोरली सून चालवत होती. तिचा नवरा पाचव्या वर्षी आघाडीवर पडला. धाकटा दीर परतला, तो डावा पाय तिकडेच ठेवून. दोघा भावांत धाकट्याचा हात जास्त सफाईचा. पण आल्यापासून तो मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेला. आरीला हात लावला नाही, उंबऱ्याबाहेर कुबडी टेकली नाही. कुणी बाहेर चल म्हटलं की एकच उत्तर, “अनवाणी कुठं येऊ?”

वहिनीच्या मनानं घेतलं होतं, याच्या पायात जोडा चढला की हा उठेल. नाहीतर हा असाच विझून जाईल. पण दिराचा पाय होता होडीएवढा. त्या मापाचा व्याही आणायचा कुठून? सासू म्हणे, “हा जन्मला तेव्हा आधी पाय आले, नि बऱ्याच वेळानं हा आला!”

एके सकाळी कैद्यांच्या छावणीतला पहारेकरी एकाला घेऊन दुकानात आला. शत्रूकडचा शिपाई, उंच, हडकुळा, उजवा पाय गुडघ्यापासून नाही, डाव्याला चिंध्या गुंडाळलेल्या.

“वहिनी, याचंही माप घ्या. कैदी असला तरी नियम तोच, असं साहेब म्हणतात.”

तिनं माप घेतलं. पुन्हा घेतलं. हुबेहूब दिराएवढाच पाय! ती तशीच मागं धावली.

“भाऊजी, उठा! सोयरीक आली.”

“कोण?”

“छावणीतला आहे.”

दिरानं मान वळवली. “त्यांनी दादाला मारलं.”

“तुमचा दादा माझा कोण होता, ते सांगू का?” ती म्हणाली. “विसरले नाही मी. पण माप घेताना मी पायाकडे बघते, भाऊजी. तोंडाकडे बघत बसले, तर हात चालायचे नाहीत.”

तो हलेना. तेव्हा सासू कडाडली, “तिकडे तो एका पायावर ताटकळलाय, नि तू लोळतोयस? ऊठ!”

आईपुढं कुणाचं चाललंय! तो आला, तोंड फिरवून बसला, माप देऊन गेला. कैद्यानं मान लववली, तीही त्यानं पाहिली नाही.

चामडं आलं. एरवी ते दुमडून, पोटाला पोट लावून कापायचं, म्हणजे एका कापात डावा-उजवा दोन्ही निघतात. पण एवढ्या मोठ्या पायांसाठी तुकडा दुमडायला पुरेना. वहिनीनं एकेक कापायचं ठरवलं. उजवा कापला. मन आनंदानं नाचत होतं. त्याच भरात तिनं तोच नमुना, न उलटता, पुन्हा ठेवला आणि रापी चालवली. वरचे भाग साच्यावर चढवले तेव्हा कळलं. तिनं साचा धाडकन खाली आपटला.

“काय झालं?” आतून दीर.

“दोन्ही उजवे कापले!”

किती दिवसांनी तो हसला. “म्हणजे दोन्ही माझेच की!”

“हसताय काय? त्याला काय देऊ? अनवाणी जाईल तो.”

“जाऊ दे.”

वहिनी डोळे पुसत जोडे शिवत राहिली.

ठरल्या दिवशी कैदी आला. भाषा येत नव्हती. तिनं दोन्ही जोडे पुढं ठेवले आणि कपाळावर हात मारला. त्याला उमगलं. दीर दारातून बघत होता. कैद्यानं एक जोडा उचलला, दारापाशी आला, कुबडी बगलेत दाबून, भिंत धरून कसाबसा खाली वाकला आणि दिराच्या पायात घातला. अंगठ्यानं चवडा दाबून बघितला, नाडी ओढली, ‘छान’ अशी मान डोलावली. आणि चिंध्या सावरत निघाला.

“थांब म्हणावं त्याला,” दीर म्हणाला.

कुबडी खडखडत आत गेली आणि परत आली. हातात त्याचा फौजी पट्टा आणि काडतुसांची जाड चामडी पिशवी. “वहिनी, रापी द्या.”

“सरकारनं मागितलं तर?”

“सांगा, पायात गेलं.”

तो बैठकीवर बसला. पिशवीची शिवण उसवली, चामडं पसरलं, नमुना घेतला. “वहिनी, बघा, असा उलटायचा असतो.”

“कळलं हो, उस्ताद!”

दुपार सरली. कैदी दोऱ्याला मेण लावून देत होता. पहारेकरी आधी “उशीर होतोय” म्हणत होता, मग स्टुलावर बसल्या बसल्या पेंगला. सासूनं सगळ्यांना गरम पेज दिली. कैद्याच्या वाट्याला थोडी जास्तच.

वहिनीनं मनोमन हात जोडले. ‘देवा, मी तुझ्याकडे एक जोडा मागत होते. तू माझा हात चुकवलास आणि माणूस दिलास. कोणत्या तोंडानं तुझे उपकार मानू?’

“वहिनी,” दीर मान खाली घालून टाका ओढत म्हणाला, “तो दुसरा उजवा खिडकीत मांडा. माझ्यासारखा कुणी मोठ्या पायाचा येईलच. आणि सकाळी मला लवकर हाक मारा, खूप काम तुंबलंय.”