तीन अंशांचं खोटं

मी तापमापक बोलतोय. पण माझ्या बोलण्यावर लगेच विश्वास ठेवू नका.

शाळेच्या प्रयोगशाळेत, चौथ्या टेबलावर माझा मुक्काम. धातूची काडी, लांब वायर आणि पलीकडे संगणक. आलो तेव्हा चोख होतो. मग एकदा कुणीतरी गंमत म्हणून मला बर्नरच्या ज्योतीत धरलं. तेव्हापासून मी तीन अंश जास्तच सांगतो. मला कळत होतं हो, पण सांगणार कसं? मला आकड्यांशिवाय भाषा नाही, आणि आकडेच खोटे!

विज्ञानाच्या बाई नववीच्या मुलांना पायरीपायरीने विचार करायला शिकवतात. त्या दिवशी मुलांनी संगणकाला सूचना दिल्या: गरम पाण्याचं तापमान बघत राहा, चाळीसच्या खाली गेलं की घंटा वाजव. पाणी सगळ्यांना एकाच किटलीतलं. बाकीच्या घंटा जवळपास एकदम वाजल्या. चौथ्या टेबलावरची दोन वेण्यांची मुलगी आपली ताटकळत बसली.

"पायऱ्यांत चूक असेल गं. एकेक तपासून बघ," बाई म्हणाल्या.

"तपासल्या बाई, बरोबर आहेत. हे यंत्रच..."

"नाचता येईना, अंगण वाकडं!" मागून कुणीतरी ओरडलं. वर्ग खिदळला.

आणि अंगण खरंच वाकडं होतं! लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

शेवटी तिने चाळीस खोडून त्रेचाळीस केले. पुढच्या खेपेला घंटा सगळ्यांबरोबर वाजली, शाबासकीही मिळाली. तिचा चेहरा मात्र उतरलेलाच.

मधल्या सुट्टीत ती डबा न खाता परत आली. तिने मला वितळत्या बर्फात बुडवलं.

"बाई, इथे शून्य यायला हवं ना?"

पडद्यावर तीन.

बाई खुर्चीत बसल्या. "चुकलंच माझं. तुला तपासायला लावलं, याला कुणी तपासलंच नाही. अगं, म्हणजे आधीची मुलं..."



मुलीने पुन्हा चाळीस केले आणि सगळ्यांत वर नवी पायरी घातली: आधी बर्फात बघ, जास्त येईल तेवढं वजा कर. आता माझ्याकडून खरं वदवून घेतात.

पण तिच्या आधी या टेबलावर कितीतरी जण बसले. कुणी आकडा बदलून मोकळं झालं. कुणी "मला हे जमतच नाही" म्हणत उठलं, ते पुन्हा इकडे फिरकलं नाही. त्यांना कुणी भेटलंच, तर माझा एवढा निरोप द्या: पोरांनो, तुमचं बरोबर होतं.